मुक्कामाचं पान

शनिवारी संध्याकाळी मोजणी पूर्ण झाली. ताईच्या दोन खोल्यांत एकूण अकराशे सव्वीस कादंबऱ्या होत्या. बाहेरच्या खोलीतल्या चार लोखंडी मांडण्यांवर सातशे बारा, आतल्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी दोनशे पासष्ट, पलंगाखालच्या तीन पत्र्याच्या पेट्यांत एकशे आठ, आणि स्वयंपाकघरातल्या काचेच्या कपाटात, जिथे इतरांकडे चांगल्या कपबश्या असतात तिथे, एकेचाळीस. या एकेचाळीसपैकी एकही पुस्तक पूर्ण नव्हतं.

मोजणारी होती ताईची भाची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, खिशात नेहमी टेप. तिला 'मोजपट्टी' हे नाव ताईनेच ती सहा वर्षांची असताना दिलं होतं. तिने पन्नास पुस्तकांची जाडी मोजून सरासरी काढली होती, दोन पूर्णांक तीन सेंटीमीटर. सगळी पुस्तकं एका ओळीत उभी केली तर रांग भरेल पंचवीस मीटर नव्वद सेंटीमीटर.

"आत्या, अकराशे सव्वीस."

"एवढीच? मला वाटलं बाराशे तरी असतील. कोणीतरी ढापली."

"बाबांनी ढापली असतील."

"तुझा बाप पुस्तक ढापेल? अगं, जबरदस्तीने दिलेलंसुद्धा तो न वाचता परत आणून देतो."

मोजपट्टीने आणखी एक गोष्ट तपासली होती. या घराण्याचा एक नियम होता. कादंबरी वाचून संपली की वाचणाऱ्याने शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक आकडा लिहायचा. ज्या पानावर आपण अडकलो, पुढे जाववेना, त्या पानाचा. त्याला सगळे 'मुक्काम' म्हणत. कारण लिहायचं नाही. बाकीच्यांनी ते पान उघडून ओळखायचं. काही पुस्तकांत पाच-सहा माणसांचे मुक्काम होते, काहींत दोघांचे. ताईचा मुक्काम नसलेलं पुस्तक मात्र एकही सापडलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मोजपट्टीची आई होती.

"मोजून झालं? सगळ्यांची मिळून लांबी किती भरली?"

"सव्वीस मीटरला दहा सेंटीमीटर कमी. का गं?"

"काही नाही. जेवायला ये." आणि फोन बंद.

*

रविवारी अकरा वाजता दोघं भाऊ आणि वहिनी तीन जिने चढून आले. मोजपट्टी यादी घेऊन आधीच येऊन बसली होती. मास्तर धापा टाकत होते. ते ताईच्या पाठचे. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले.

"तुझं घर समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे," मास्तर म्हणाले, "याची नकाशात नोंद व्हायला पाहिजे."

"दादा, तू वर पोचलास एवढीच नोंद कर आधी," धाकटा मागून म्हणाला. तो इलेक्ट्रिशियन. लहानपणापासून चटकन तापायचा आणि चटकन गार व्हायचा म्हणून त्याला सगळे फ्यूज म्हणत. त्याची बायको, मोजपट्टीची आई, म्हणजे वहिनी, तीसुद्धा कधीकधी म्हणायची.

ताईने दार उघडलं तेव्हा चौकटीत तीन माणसं उभी होती आणि तिघांनाही चेहरे नव्हते.

याची तिला आता सवय झाली होती. चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून काम केलेली ती बाई. काचेवर मधोमध बोट उमटलं की कसं दिसतं ते तिला पक्कं माहीत होतं. कडेला सगळं ठीक, मध्ये धूसर डाग. तसा डाग गेले चौदा महिने तिच्या दोन्ही डोळ्यांत होता, आणि काच पुसता येत नव्हती. डॉक्टरांकडे ती एकटीच गेली होती. ते म्हणाले होते, पूर्ण आंधळ्या होणार नाही तुम्ही. चालाल, फिराल, चहा कराल, जिने चढाल. फार बारीक काम करत नाही ना?

ती म्हणाली होती, "नाही."

घरच्यांना तिने गुडघे सांगितले होते. गुडघ्यांसाठी ती पुढच्या आठवड्यात हे घर सोडून फ्यूजच्या घरी तळमजल्यावर राहायला जाणार होती. तिथे तिच्या खोलीत तीनशे पुस्तकांपुरती जागा आहे, असं महिन्यापूर्वी वहिनीने सांगितलं होतं. उरलेली आठशे मास्तरांच्या जुन्या शाळेला द्यायची होती. टेम्पो सोमवारी नऊ वाजता येणार होता. आजचा दिवस होता तीनशे निवडण्याचा.

"हेडमास्तरांशी बोललोय," मास्तर बसत म्हणाले. "स्वतंत्र खोली देणार. दारावर तुझं नाव."

"मी अजून आहे रे. नावाच्या पाट्या नंतर लावतात."

"मी यादी केलीय, आत्या," मोजपट्टी म्हणाली. "ज्यांत सगळ्यात जास्त मुक्काम आहेत ती तीनशे एकीकडे काढली की..."

"यादी नको." ताई खुर्चीत बसली. "निवडायचं नाही काही. सगळी नेऊन टाका."

मोजपट्टीने यादीची घडी घातली. 

"सगळी म्हणजे?" फ्यूज म्हणाला.

"सगळी म्हणजे अकराशे सव्वीस. मोजून झालीत."

"आईची एकेचाळीससुद्धा?"

"मुलांना काय फरक पडतो? वाचतील."

"ताई, त्यांत पानं नाहीत!"

"आपण वाचलीच ना?"

ती शांतपणे बोलत होती आणि हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. या घरात वाचणारी ती होती. बाकीचे तिच्यामुळे वाचत. त्यांना कळलं, तर पथ्यावरच्या माणसासमोर जसा गोडाचा विषय काढत नाहीत तशी हे सगळे तिच्यासमोर कादंबरीचं नाव काढणं बंद करतील. अतिशय प्रेमाने बंद करतील. तिला भीती त्याच प्रेमाची होती. पुस्तकं या खोलीत आहेत तोवर कोणीतरी कधीतरी एखादं उघडून विचारणार, ताई, हे वाच बरं. पुस्तकं गेली की तो प्रश्न गेला.

*

मास्तरांना जेवण गोड लागेना. त्यांनी तीनशेची तयारी केली होती. सगळी मिळणार म्हटल्यावर खरं तर आनंद व्हायला हवा होता.

ते काचेच्या कपाटाकडे बघत होते. त्यांची आई बाइंडरीत कामाला होती. छापून आलेले मोठे कागद दुमडून सोळा सोळा पानांचे गठ्ठे करायचे, त्यांना फर्मा म्हणतात, आणि ते क्रमाने लावून शिवायचे. कधी एखादा फर्मा राहून जायचा, कधी उलटा लागायचा. असली बिघडलेली प्रत मालक तिला घरी नेऊ द्यायचा. घरातल्या पहिल्या एकेचाळीस कादंबऱ्या अशा आल्या. गोष्ट रंगात यायची आणि बत्तीसनंतर एकदम एकोणपन्नासावं पान.

तेव्हा अकरा वर्षांच्या ताईने कायदा केला होता. हरवलेली सोळा पानं तोंडी भरून काढायची, आणि ती भरायची मास्तरांनी. मास्तर आठ वर्षांचे होते आणि तोतरे होते. वर्गात नाव सांगायलाही त्यांना पाऊण मिनिट लागायचं. पण जी पानं कोणी लिहिलीच नाहीत ती चुकणार कशी? ते बोलत गेले. ताई मध्ये एक शब्द बोलायची नाही. अडखळले तर वाट बघायची, जशी पुढे लॅबमध्ये रक्त गोठायची वाट बघायची. तीन वर्षांत मास्तर सुटे बोलायला लागले, आणि नंतर ते कधी थांबलेच नाहीत.

शाळेतली खोली, दारावरचं नाव, हे सगळं ताईच्या त्या वाट बघण्याची परतफेड म्हणून होतं. हे त्यांनी ताईला कधी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "मीठ दे जरा."

जेवणानंतर नेहमीसारखं पुस्तक मध्ये आलं. मिठागरावर राहणाऱ्या दोन बहिणींची कादंबरी, नवी, तीनशे बारा पानांची. सगळ्यांत शेवटी ताईकडे आली होती आणि पंधरा दिवसांपूर्वी तिने तीत आकडा लिहिला होता.

"फ्यूज, तू उघड," मोजपट्टी म्हणाली. बापाला ती या खेळापुरती नावाने हाक मारायची, आणि त्याला ते आवडायचं.

"मी वाचलेलं नाही."

"म्हणून तर. तुझं मत शुद्ध."

फ्यूजने शेवटचं पान काढलं. "दादाचा मुक्काम दोनशे तीन. हिचा एकसष्ट. मोजपट्टी, तुझा एकशे अठरा. ताई..." त्याने पुस्तक दूर धरलं. "एकशे अठ्ठेचाळीस." अक्षर जरा वाकडं होतं, पण ताई हल्ली हात कापतो म्हणायची.

त्याने पानं उलटली. एकशे सत्तेचाळीस. मग थांबला. पान उजेडात धरलं, जसा तो जळालेला बल्ब धरायचा.

"इथे काहीच नाही."

"नीट बघ."

"कोरं आहे! पुढे 'भाग दुसरा'. मध्ये कोरं पान. ताई, आता कोऱ्या पानांवरही अडकायला लागलीस?" तो हसला.

ताई हसली नाही. तिच्या हातातला पेला टेबलाच्या काठापासून चार बोटं अलीकडेच थांबला.

"आण इकडे." मास्तरांनी पुस्तक घेतलं, बघितलं, आणि उभेच राहिले. "वा! ताई, वा! अरे, तुम्हाला कळलं का? पहिल्या भागाच्या शेवटी धाकटी बहीण घर सोडून जाते. दुसरा भाग सुरू होतो तो सहा वर्षांनी. ती सहा वर्षं कुठे आहेत? लेखकाने लिहिलीच नाहीत. ती या पानावर आहेत! हा आपल्या आईचा हरवलेला फर्मा आहे. चाळीस वर्षं शब्दांवर मुक्काम केला बाईने, आणि आज..." त्यांनी ते पान सगळ्यांसमोर धरलं.

ताईला क्षणभर वाटलं, हे खरंच आपल्याला सुचायला हवं होतं.

"तेच," ती म्हणाली. "तसंच काहीसं."

मोजपट्टीने पुस्तक ओढून घेतलं. "पण आत्या, या पानावर आकडा छापलेलाच नाही. मग तू एकशे अठ्ठेचाळीस कुठे वाचलास?"

"मोजला."

"कसा?"

"एकशे सत्तेचाळीसनंतर एकशे अठ्ठेचाळीस येतात. तुमच्या एम.एस्सी.ला नसेल, आमच्या लॅबमध्ये शिकवायचे."

सगळे हसले. मोजपट्टीही हसली, पण तिची नजर आत्याच्या डोळ्यांवर होती. आत्या उत्तर देताना तिच्या कानाशेजारी कुठेतरी बघत होती.

*

वहिनी हसली नव्हती. ती बावीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करत होती. काचेच्या खोलीत बसायचं, माइक लावायचा, कुठली गाडी कुठल्या फलाटावर ते सांगायचं. दोनदा सांगायचं. त्या खोलीतून तिला सगळं स्थानक दिसायचं.

आठ महिन्यांपूर्वी तिने ताईला तिथे पाहिलं होतं. ताई मोठ्या फळ्याखाली उभी होती. फळ्यावरची अक्षरं वीतभर उंच. ताईने मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली, पक्षी बघतो तशी. मग ती काचेच्या खोलीशेजारच्या चौकशीच्या खिडकीकडे गेली आणि तिने रांगेत उभं राहून विचारलं, आठ नंबर कुठून सुटते?

दुकानांच्या पाट्यांतल्या चुका वाचून रस्त्यात हसणारी बाई ती. वहिनीने त्या दिवशी ओळखलं. कोणाला बोलली नाही. एकदा माइकवरून गेलेलं परत घेता येत नाही, हे तिच्या धंद्याने तिला शिकवलं होतं. शिवाय ताईने स्वतः सांगितलं नव्हतं, म्हणजे तिला सांगायचं नव्हतं.

या घरात लग्न होऊन आली तेव्हा तिने वेळापत्रकांपलीकडे काही वाचलेलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात जेवताना सगळे कोणा एका थोरल्या सुनेबद्दल तावातावाने भांडत होते. वहिनीने विचारलं, या कोण? आपल्या नात्यातल्या? दोघं भाऊ पोट धरून हसले, कारण ती सून कादंबरीतली होती. ताई हसली नाही. तिने तीच कादंबरी आणून दिली. महिनाभराने वहिनीने भीत भीत शेवटच्या पानावर आकडा लिहिला, नऊ. नवव्या पानावर तिला तीनदा झोप लागली होती. ताईने नववं पान उघडून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "बरोबर आहे. इथे लेखकालाही झोप लागलीय." त्या दिवशी वहिनी या घरची झाली, सव्वा महिन्यापूर्वीच्या लग्नाने नव्हे, असं तिचं स्वतःचं मत होतं.

तिने टेबलावरची ताटं उचलली, परत ठेवली.

"टेम्पो नको," ती म्हणाली.

"काय?" मास्तर अजून उभेच होते.

"उद्याचा टेम्पो. भाऊजी, फोन करून नको म्हणून सांगा. पुस्तकं आमच्याकडे येतील."

"तीनशे."

"सगळी."

फ्यूज तापला. "अगं, तूच म्हणालीस ना तीनशेच मावतील! माझ्यासमोर म्हणालीस!"

"म्हणाले होते. तेव्हा अंदाजाने म्हणाले. आज सकाळी पॅसेज मोजला. चार मीटर वीस. वरपासून खालपर्यंत पाच फळ्या टाकल्या की एकवीस मीटर. ताईंच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात पाच मीटर. झाले सव्वीस. पोरीच्या हिशोबाने दहा सेंटीमीटर उरतात."

मोजपट्टीने आईकडे असं पाहिलं, जणू तिने कुठलं तरी सूत्र पाठ म्हणून दाखवलं.

"आणि फळ्या कोण ठोकणार?" फ्यूज म्हणाला.

"तुम्ही. आणि दिवेही लावा, पॅसेजमध्ये अंधार आहे."

"मी हेडमास्तरांना शब्द दिलाय," मास्तर म्हणाले. आवाज दुखावला होता. "आणि ताई स्वतः द्या म्हणतेय. तिची पुस्तकं, तिची इच्छा. तू कोण मध्ये..." ते थांबले.

"मी कोणी नाही, भाऊजी. पण पुस्तकं गेली तर ताई आमच्या घरी येतील आणि नुसत्या बसतील."

"येऊ देत की!" फ्यूज म्हणाला. "नवी घेऊ. वाचायला काय अकराशेच लागतात?"

"वाचणार कोण?" ताई म्हणाली.

ती फार मोठ्याने म्हणाली नाही. पण फ्यूजचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

"वाचणार कोण रे? मला दिसत नाही. मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. चौदा महिने झाले." तिने पेला टेबलावर ठेवला, आधी बोटांनी काठ चाचपून. "एकशे अठ्ठेचाळीस मी उगाच लिहिला. मास्तर, तू बोललास ते फार छान बोललास. पण मला ते पान कोरं आहे हेसुद्धा माहीत नव्हतं."

मास्तर खाली बसले.

"चौदा महिने," मोजपट्टी म्हणाली. ती मनात मोजत होती. "म्हणजे एकोणीस पुस्तकं. पण आत्या, त्यांच्यावर तू आमच्याशी भांडलीस! त्या तुरुंगाधिकाऱ्याच्या कादंबरीवरून तर माझ्याशी चार दिवस बोलली नाहीस."

"तुम्ही बोलायचात ना. एक जण गोष्ट सांगायचा, दुसरा त्याला खोडायचा, तुझी आई मध्येच म्हणायची, असं नाहीये ते, ती आधी पत्र फाडते. मी ऐकायचे. चौघांचं ऐकून ऐकून पुस्तक उभं राहायचं. भांडणं खरी होती." ती जरा हसली. "एकोणीस कादंबऱ्या मी तुमच्याकडून वाचल्या. अगदी वाईट नाही झाल्या. आकडे तेवढे खोटे."

फ्यूज उठून खिडकीशी गेला. त्याने ताईच्या खोलीतल्या दिव्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी तिने त्याला दोनदा जास्त वॉटचा बल्ब लावायला लावला होता, आणि दोन्ही वेळा तो म्हणाला होता, डोळे जातील तुझे एवढ्या उजेडात.

"गाढव आहे मी," तो खिडकीला म्हणाला.

"ते जुनं आहे," ताई म्हणाली. "आजची बातमी वेगळी."

मास्तर हसायला गेले आणि त्यांना रडू आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि मग आपल्या हातून काय झालं ते लक्षात येऊन घाईघाईने पुन्हा काढला.

"घाल रे," ताई म्हणाली. "तुझ्या चष्म्याचं मला काही वाटत नाही."

*

"फोनवर पुस्तकं ऐकता येतात, आत्या," मोजपट्टी म्हणाली. पाच वाजले होते, चहा झाला होता, मास्तरांनी बाहेर जाऊन हेडमास्तरांना फोन केला होता आणि काय बोलले ते कोणाला सांगितलं नव्हतं. "मी लावून देते."

"ऐकलंय. एक माणूस वाचतो. चांगला वाचतो. पण तो थांबत नाही गं. मी वाचायचे म्हणजे काय करायचे? निम्मा वेळ थांबायचे. लॅबमध्ये ट्यूब फिरत असायच्या, दहा मिनिटं मिळायची, त्यात चार पानं वाचायची आणि मग हात कामात आणि डोकं त्या चार पानांत. तो फोनवाला पुढे निघून जातो. मी मागे राहते."

"मग मी वाचतो," मास्तर लगेच म्हणाले. मिठागराची कादंबरी त्यांनी उचललीसुद्धा. "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. शेवट माहीत आहे, चालेल."

मास्तरांनी घसा साफ केला आणि सुरू केलं. वारा आला की त्यांचा आवाज वारा व्हायचा. थोरली बहीण बोलली की ते बारीक आवाज काढायचे. दुसऱ्या पानावर मुकादम ओरडला तेव्हा खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

"बास," ताई म्हणाली. "फार छान. पण सगळं तूच करून टाकतोस. मला काही काम उरत नाही."

फ्यूजने प्रयत्न केला. तो एका श्वासात अर्ध्या पानापर्यंत पोचला.

"मधलं खाल्लंस," मास्तर म्हणाले.

"वर्णन होतं. मीठ कसं दिसतं वगैरे. पांढरं दिसतं, सगळ्यांना माहितीय."

"दे तिच्याकडे," ताई म्हणाली.

वहिनीने हात पदराला पुसले. पुस्तक घेऊन ती सरळ बसली, काचेच्या खोलीत बसते तशी, आणि वाचू लागली. आवाज स्वच्छ आणि सपाट. बापाचा मृत्यू, भरतीचं पाणी, थोरलीचा राग, सगळं एकाच उंचीवर. फ्यूज तोंडावर हात ठेवून हसत होता. मास्तरांना राहवेना.

"अगं, बाप मेलाय तिचा! फलाट क्रमांक चारवरून सुटलेला नाही! जरा भाव घाल की!"

"तू गप्प बस," ताई डोळे मिटून म्हणाली. "भाव मी घालते."

वहिनी पुढे वाचत गेली. मोजपट्टीने पाहिलं, आत्याचे ओठ हलत नव्हते, पण भुवया हलत होत्या. कपाळावर आठी यायची, जायची. पूर्वी पुस्तक हातात असताना ती अशीच दिसायची. कोणी हाक मारली तरी ऐकू जायचं नाही.

"थांब," ताई म्हणाली.

वहिनी अर्ध्या शब्दावर थांबली. कोणी का म्हणून विचारलं नाही. रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. मिनिटभर गेलं. मास्तरांनी तोंड उघडलं, पण ते काही बोलले नाहीत. वाट बघत राहिले.

"तेवढं परत वाच. थोरली दार लावते ते."

वहिनीने ते परत वाचलं, पहिल्यासारखंच, एका स्वराचाही फरक न करता. एकच गोष्ट दोनदा सांगण्याचा तिला बावीस वर्षांत कधी कंटाळा आला नव्हता.

"हं," ताई म्हणाली. तिने हात पुढे केला, हवेत जरा चाचपला, आणि वहिनीचा गुडघा सापडल्यावर त्यावर ठेवला. "तू नवव्या पानावर झोपलीस म्हणून बरं झालं गं. नाहीतर मी तुझ्याकडे नीट बघितलंच नसतं."

"वाचू पुढे?"

"वाच."

वहिनीने सुरुवात केली तेव्हा मोजपट्टीने घड्याळ पाहून पाच वाजून दहा मिनिटांची वेळ लिहून ठेवली होती. सात वाजता वहिनीचा घसा बसला. एकशे दहा मिनिटांत चौतीस पानं झाली होती, आणि ताईने तेवीस वेळा थांबवलं होतं.